याकोबाच्या घरातील कपट

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांची समाधी आहे. सहलीच्या निमित्ताने ती पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. जिजाबाईंचे हे वडील १६२९ साली निजामशाही दरबारात गेले असता तेथे त्यांचा पुत्रांसह दग्याने वध करण्यात आला. ही हकीगत वर्गात वाचली म्हणजे मुलांच्या मुद्रा संतप्त होतात, आणि ते योग्यच आहे. तथापि दरबारातील दगा हा परक्याचा दगा होय. दरबारात जाणारा मनुष्य हत्यार जवळ बाळगतो, चार माणसे बरोबर नेतो, मनात शंका ठेवूनच पायरी चढतो. तोच मनुष्य घरी आला म्हणजे पागोटे खुंटीस अडकवितो आणि ताटात वाढलेले निःशंकपणे खातो. यामुळे घरातील कपट हे करावयास फार सोपे आणि भरून येण्यास फार कठीण असते. प्रस्तुत लेखात आम्ही दरबार सोडून घराकडे वळणार आहोत, आणि त्यासाठी पवित्र शास्त्रातील एका प्राचीन घराण्याची कथा विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे ठेवणार आहोत.

पवित्र शास्त्रातील पहिला ग्रंथ उत्पत्ति. त्याचे अध्याय ५०. पैकी बाराव्यापासून शेवटपर्यंतचे ३९ अध्याय अब्राहाम, इसहाक, याकोब व योसेफ या एकाच घराण्यातील चार पिढ्यांची हकीगत सांगतात. हे घराणे देवाने निवडलेले, सर्व राष्ट्रांस ज्यांच्या द्वारे आशीर्वाद मिळावयाचा असे. अशा घराण्याचा इतिहास लिहावयास दुसरा कोणी बसला असता तर त्याने पूर्वजांची लबाडी खचित गाळली असती. आपल्याकडील कुळकथा कशा लिहिल्या जातात हे वाचकांस ठाऊक आहेच. तीत मूळ पुरुष नेहमी शूर, दानशूर आणि सत्यवचनी असावयाचा. उत्पत्तीच्या लेखकाने असे केले नाही. मराठीत अशा निर्भीडपणाचे उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे देता येईल. रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्यासारख्या थोर पतीचे दोषही त्यांनी हसतखेळत, पण न झाकता लिहिले, आणि त्यामुळे टिळकांविषयीचा वाचकांचा आदर तिळमात्र कमी झाला नाही.

या घराण्यातील कपटाचा उगम आपण याकोबापाशी शोधतो. पण तो त्याच्याही मागे आहे. अब्राहामाने परक्या देशात जिवाच्या भयाने आपली पत्नी सारा ही आपली बहीण आहे असे दोनदा सांगितले, एकदा मिसरात आणि एकदा गरार येथे. गरारच्या राजाने जाब विचारला तेव्हा त्याने उत्तर दिले की ती खरोखरच माझ्या बापाची कन्या आहे, मात्र माझ्या आईची नव्हे. म्हणजे त्याचे बोलणे अर्धे खरे होते. जो अर्धा भाग राजाला कळावयास हवा होता तेवढाच त्याने वगळला होता. पुढे त्याचा पुत्र इसहाक त्याच गरारात राहावयास गेला आणि त्यानेही आपली पत्नी रिबका हिच्याविषयी नेमके तेच सांगितले. इसहाकाच्या बाबतीत तर अर्धे सत्यही नव्हते. बापाने कारणापुरते वापरलेले असत्य मुलाच्या हाती तयार साधन म्हणून आले. ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग,’ असे दाराशी आलेल्या मनुष्यास मुलाकडून सांगविणाऱ्या पालकांनी हे दोन अध्याय, विसावा व सव्विसावा, लागोपाठ वाचून पाहावेत.

आता मुख्य कथेकडे येऊ. इसहाकास एसाव व याकोब हे जुळे पुत्र होते. एसाव थोरला, शिकारी, अंगावर दाट केस असलेला; याकोब धाकटा, तंबूत राहणारा. बापाची प्रीती एसावावर, कारण त्याने आणलेली शिकार त्यास आवडे. आईची प्रीती याकोबावर. शास्त्राने हे एका ओळीत सांगून टाकले आहे, पण पुढील सर्व अनर्थ या ओळीतून निघतो. थोरल्या पुत्रास त्या काळी ज्येष्ठत्वाचा विशेष हक्क असे. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात त्यास दुप्पट वाटा नेमून दिलेला आढळतो. एके दिवशी एसाव रानातून भुकेने व्याकूळ होऊन आला, तेव्हा याकोबाने मसुरीच्या वरणाच्या मोबदल्यात तो हक्क त्याच्याकडून शपथपूर्वक लिहून घ्यावा तसा घेतला. येथे एसावाचा उतावीळपणा दोषास्पद आहेच. परंतु भावाच्या भुकेची वेळ साधून सौदा करणारा मनुष्य हुशार म्हणावा की काय, हे विद्यार्थ्यांनी आपल्या मनास विचारावे. भुकेल्या भावापुढे ताट ठेवावयाचे असते. त्याचा भाव ठरवावयाचा नसतो.

इसहाक वृद्ध झाला, दृष्टी मंदावली. आपण आता थोडे दिवसांचे सोबती आहोत असे वाटून त्याने एसावास एकट्यास बोलाविले व सांगितले की शिकार करून आण, मला रुचकर भोजन दे, म्हणजे मी तुला आशीर्वाद देईन. त्या काळी बापाचा अंतिम आशीर्वाद हा मृत्युपत्रासारखा मानला जाई. एकदा दिलेला तो परत घेता येत नसे. रिबकेने हे बोलणे ऐकले. तिने याकोबास कळपातील दोन करडे आणावयास लावली, त्यांचे पक्वान्न केले, करडांची कातडी याकोबाच्या हातांवर व मानेवर बसविली आणि घरात ठेवलेली एसावाची उत्तम वस्त्रे त्याच्या अंगावर चढविली. याकोबास भीती वाटली, पण ती कशाची हे पाहण्याजोगे आहे. हे करणे वाईट आहे असे तो म्हणाला नाही. बापाने चाचपून पाहिले तर आपण पकडले जाऊ, एवढीच त्याची अडचण होती. आमच्या अनुभवाप्रमाणे परीक्षेच्या काळात पुष्कळांच्या विवेकबुद्धीची धाव येथपर्यंतच असते!

मग तो आंधळ्या बापापुढे उभा राहिला. बापाने विचारले, तू कोण? तो म्हणाला, तुमचा थोरला मुलगा एसाव. इतक्या लवकर शिकार कशी मिळाली, असे विचारता त्याने देवाचे नाव पुढे केले. तुमच्या देवानेच ती माझ्यापुढे आणली, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. एका खोट्यास दुसरे टेकू म्हणून लागते, आणि दुसरे खोटे बहुधा पहिल्याहून मोठे असते. बापाची शंका पुरती फिटली नव्हती. त्याने हात चाचपले. हात एसावाचे वाटले, आवाज याकोबाचा वाटला. त्याने पुन्हा विचारले, तू खरोखर एसावच ना? ही याकोबास मिळालेली शेवटची संधी होती. त्याने होय म्हटले. मग इसहाकाने अन्न खाल्ले, मुलाचे चुंबन घेतले, वस्त्रांचा वास घेतला व आशीर्वाद दिला. विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे की परका ठक हे करू शकला नसता. म्हाताऱ्यास कोणती चव आवडते, तो हात कुठे फिरवील, कोणता वास ओळखील, हे सर्व ज्याला प्रेमामुळे ठाऊक होते त्यानेच ते ज्ञान त्याच्याविरुद्ध वापरले.

या सत्ताविसाव्या अध्यायाची रचना आम्ही वर्गात फळ्यावर मांडून दाखवितो. प्रथम इसहाक व एसाव बोलतात. मग रिबका व याकोब. मग याकोब व इसहाक. मग एसाव व इसहाक. मग पुन्हा रिबका व याकोब. शेवटी रिबका व इसहाक. संपूर्ण अध्यायात तीन माणसे एका ठिकाणी बसून बोलली असे एकदाही घडत नाही. आई व थोरला मुलगा यांच्यात तर एका शब्दाचीही देवघेव नाही. मुले पोटात असतानाच रिबकेस देवाकडून सूचना मिळाली होती की वडील धाकट्याची सेवा करील. ती तिने पतीस कधी सांगितली असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. इसहाकानेही आशीर्वादासारखी गंभीर गोष्ट दोन्ही पुत्र व पत्नी यांना समोर बसवून न करता एकाच्या कानात सांगितली. सर्व दोष याकोबाच्या माथी मारून मोकळे होणारे प्रवचनकार आम्ही ऐकले आहेत. आमचे मत निराळे आहे. ज्या घरात कामाची गोष्ट कुजबुजीनेच बोलण्याची वहिवाट पडली, तेथे पडद्याआड कान लावून उभे राहणारे कोणी ना कोणी निघतेच.

एसाव परतला तेव्हा इसहाक थरथर कापू लागला, आणि एसाव मोठ्याने ओरडून रडला. मलाही आशीर्वाद द्या, असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो; पोर हरवल्यासारखे ते रडणे आहे. पुढे तो भावास ठार मारण्याच्या गोष्टी बोलू लागला, म्हणून रिबकेने याकोबास हारान येथे आपला भाऊ लाबान याच्याकडे पाठविण्याचे ठरविले, ‘थोडे दिवस’. पतीस मात्र तिने खरे कारण सांगितले नाही. येथील हित्ती मुली सुना म्हणून नकोत, एवढेच सांगितले. ते कारणही खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हते. थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली. याकोब परतल्यावर माता-पुत्रांची भेट झाल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. रिबकेच्या दाईचा मृत्यू नोंदलेला आहे, रिबकेचा नाही. पुढे केव्हातरी ओघाने तिला कोठे पुरले तेवढे कळते. आणि जो इसहाक आता मरतो असे समजून ही सर्व घाई झाली, तो त्यानंतर पुष्कळ वर्षे जगला.

हारानात लाबानाने जे केले ते सर्वांस ठाऊक आहे. राहेलीसाठी सात वर्षे चाकरी करून घेऊन त्याने रात्रीच्या अंधारात थोरली मुलगी लेआ हिला पाठविले, आणि सकाळी याकोबाने तक्रार केली तेव्हा शांतपणे सांगितले की थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्या गावात चाल नाही. थोरल्याची जागा घेणाऱ्या धाकट्यास हे उत्तर ऐकावे लागले. तेथून निघताना राहेलीने बापाच्या घरच्या मूर्ती चोरल्या, त्या उंटाच्या खोगिरात लपविल्या, वर स्वतः बसली आणि मी उठू शकत नाही असे बापास सांगितले. लाबानाच्या घरचेच हे पीक, असे म्हणून हा भाग आम्ही येथेच सोडतो.

याच्याहून मोठी शिक्षा पुढे होती, आणि ती मुलांच्या हातून आली. बापाच्या पक्षपाताचे दुःख ज्या घरात याकोबाने पाहिले होते तोच पक्षपात त्याने आपल्या घरी चालविला. राहेलीचा पुत्र योसेफ त्याचा लाडका. त्यास त्याने खास झगा करून दिला. दहा भावांच्या अंगावर साधे कपडे आणि एकाच्या अंगावर झगा, असे चित्र रोज डोळ्यांपुढे राहिले. सतरा वर्षांचा योसेफ भावांचा समाचार घेण्यास दोथान येथे गेला तेव्हा त्यांनी त्यास खड्ड्यात टाकले व मग मिसरास जाणाऱ्या व्यापाऱ्यांस वीस रुपयांस विकले. झगा काढून घेतला, एक बकरा मारला, त्याच्या रक्तात तो बुडविला आणि बापाकडे पाठविला. हा आम्हांस सापडला, हा तुमच्या मुलाचा झगा आहे की काय ते ओळखा, एवढेच ते म्हणाले.

कळपातले जनावर आणि भावाचे वस्त्र! याकोबाने आपल्या बापास ज्या दोन वस्तूंनी फसविले, त्याच दोन वस्तूंनी त्याच्या मुलांनी त्यास फसविले. शास्त्रकर्ता येथे थांबून ‘पाहा’ असे म्हणत नाही. वाचणाऱ्याने पाहिले तर पाहावे. दुसरीही एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. दहा भावांनी येथे योसेफ मेला असा एक शब्दही उच्चारला नाही. श्वापदाने खाल्ले असे ते म्हणाले नाहीत, याकोब म्हणाला. त्यांनी केवळ वस्तू पुढे केली आणि बापास स्वतःच्या तोंडाने अनुमान काढू दिले. प्रगतिपुस्तकातील चार विषयांचे गुण मोठ्याने वाचून पाचव्याच्या वेळी पान उलटणारा विद्यार्थी, किंवा ‘मी शाळेत गेलो होतो’ असे म्हणून कोणत्या तासापर्यंत थांबलो ते न सांगणारा विद्यार्थी, याच पंथाचा होय. मग बाप शोक करू लागला तेव्हा त्याचे सांत्वन करण्यास हेच मुलगे पुढे आले. ज्यांना सत्य ठाऊक होते त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवले. उत्पत्तीच्या पुस्तकात यापेक्षा भयंकर दृश्य आम्हांस आठवत नाही. योसेफ सतराव्या वर्षी विकला गेला, तिसाव्या वर्षी फारोपुढे उभा राहिला, मग सुकाळाची सात वर्षे व दुष्काळाची दोन गेली. असा हिशेब केला तर ते दहा जण सुमारे बावीस वर्षे बापाच्या पंक्तीस बसून गप्प राहिले.

योसेफाची कथा येथे अर्धी ठेवून आम्ही थोडे आपल्या गावी येतो, कारण पालकांपैकी कोणी म्हणतील की हे तंबूंचे व करडांचे दिवस गेले. तंबू गेले हे खरे, जमीन आहे. आपल्या जिल्ह्यात कपाशीचे व सोयाबीनचे शेत म्हणजे घराचा जीव. त्या शेताचा सात-बारा कोणाच्या नावे राहावयाचा या प्रश्नावर सख्ख्या भावांची बोलणी बंद झाल्याचे आपण नित्य पाहतो. त्यातही बहिणीच्या वाट्याचा प्रश्न सर्वांत मुकाट्याने मिटविला जातो. वडील वारले की वारसनोंद करताना बहिणीचे नाव ‘राहून’ जाते. किंवा सणाला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवला जातो, आणि पीककर्जाचे काम आहे, येथे सही कर, असे सांगितले जाते. कागद असतो हक्कसोडपत्राचा. साडीचोळी व पुरणपोळी झालेली असते. ती वाचीत नाही, कारण समोर भाऊ असतो. एसावाने निदान काय विकतो ते ऐकले तरी होते.

कायदा याबाबतीत आता संदिग्ध राहिलेला नाही, व तो मुलींनीही शिकून ठेवावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलासच होता. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून तो मुलीसही दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशात मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क टिकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र केलेले नसेल तर, मुलगा व मुलगी यांचे वाटे पूर्वीपासून समान आहेत. बहिणीने समजून, राजीखुशीने आपला वाटा भावास सोडला तर त्यात काही वाईट नाही. कित्येक बहिणींनी असे प्रेमाने केले आहे. प्रश्न इतकाच की तो कागद चार माणसांत मोठ्याने वाचून दाखविण्याची भावाची तयारी होती काय? महसुलाच्या नियमाप्रमाणे फेरफाराची नोटीस चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधी माणसांस कळवावी लागते. इसहाकाच्या तंबूत जे घडले ते चावडीवर घडू शकले नसते.

चावडीवर जाऊन बोलणाऱ्या मुलींची कथाही शास्त्रात आहे. ती आमच्या मते पुरेशी सांगितली जात नाही. गणना या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहाद नामक मनुष्याच्या पाच मुली मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा बाप निपुत्रिक मरण पावला होता. आमच्या बापाचे नाव त्याला मुलगा नव्हता म्हणून नाहीसे का व्हावे, आम्हांस त्याच्या भावांबरोबर वतन द्या, अशी त्यांची मागणी होती. हे मागताना त्यांनी बापाचा दोषही झाकला नाही. तो कोरहाच्या बंडात नव्हता, पण स्वतःच्या पापामुळे मेला, असे त्या स्वच्छ म्हणाल्या. मोशेने तो प्रश्न देवापुढे नेला, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असे उत्तर आले. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ही त्यांची नावे लिहून ठेवलेली आहेत. हक्क मागणे आणि भांडण काढणे एकच, असे समजणाऱ्या काका-मामांनी ती पाठ करावीत.

नव्या करारात घरातील कपटाची दोन निराळी रूपे दिसतात. हनन्या व सप्पीरा या दांपत्याने जमीन विकली, आलेल्या किमतीतून काही मागे ठेवले, आणि उरलेली जणू सर्वच किंमत आहे असे भासवून प्रेषितांच्या चरणी ठेवली. पेत्राने स्पष्ट सांगितले की जमीन तुमची होती, पैसाही तुमचाच होता. कोणी मागितला नव्हता. तीन तासांनी सप्पीरा आली तेव्हा पेत्राने तिला निराळे विचारले, म्हणजे तिला खरे बोलण्यास जागा दिली. तिने पतीचीच रक्कम सांगितली. पतिपत्नींचे एकमत हे संसाराचे भूषण म्हणतात. येथे ते एकमत खोटेपणावर झाले होते. दुसरे रूप प्रभू येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात उघडे केले आहे. आईबापांस देण्याजोगे जे होते ते मी देवास अर्पण केले, असे म्हणून कित्येक लोक म्हाताऱ्यांच्या पोषणातून सुटका करून घेत, आणि शास्त्री लोक त्यास मान्यता देत. देवळात वा चर्चमध्ये वर्गणीच्या पाटीवर नाव झळकावे आणि घरी आईच्या औषधास पैसे नसावेत, हा देखावा आम्हांस अपरिचित नाही.

आमच्या शाळेतील पुष्कळ मुले महाभारताच्या कथा ऐकत वाढलेली आहेत. त्यांस कुंतीची आठवण झाली असेल. कर्ण हा आपला पुत्र, हे तिने पांडवांपासून लपविले आणि युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी सांगितले. तोवर भावाने भावास मारून झाले होते. याउलट छांदोग्य उपनिषदातील जबाला. माझे गोत्र कोणते असे पुत्र सत्यकामाने विचारताच तिने लोकलाज बाजूस ठेवून सांगितले की तुझा पिता कोण हे मला ठाऊक नाही. मुलाने तेच उत्तर जसेच्या तसे गुरूस सांगितले, आणि गुरूने त्यास शिष्य करून घेतले. आईने धैर्य केले म्हणून मुलास खरे बोलता आले. खरे सांग म्हणून मुलास छडी दाखविण्यापूर्वी, आपण त्यास काय काय सांगितलेले नाही याची आठवण करणे बरे.

आता योसेफाकडे परत जाऊ. दुष्काळात धान्य आणण्यास भाऊ मिसरात गेले. तेथील अधिकारी हाच योसेफ. त्याने त्यांस ओळखले, त्यांनी त्यास ओळखले नाही. त्याने राहेलीचा धाकटा पुत्र बन्यामीन यास आणविले आणि त्याच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवून त्यावर चोरीचा आळ आणला. योसेफाने हे का केले याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. आम्हांस असे दिसते की त्यास एकच गोष्ट जाणावयाची होती: बापाच्या दुसऱ्या लाडक्या मुलासही हे भाऊ टाकून जातात की काय? कपटाने कपटाची परीक्षा घेण्याची ही रीत आम्ही कोणास शिकविणार नाही; पण परीक्षा झाली खरी.

तेव्हा यहूदा पुढे आला. योसेफास विकण्याची कल्पना बावीस वर्षांपूर्वी याच यहूदाने काढली होती. चव्वेचाळिसाव्या अध्यायातील त्याचे भाषण फार लांब नाही, आणि त्यात कोठेही शब्दालंकार नाहीत. घरी काय घडले ते तो क्रमाने सांगतो. सांगता सांगता तो म्हाताऱ्या बापाचे एक वाक्य तसेच पुढे मांडतो, की माझ्या पत्नीने मला दोन पुत्र दिले. दोन म्हणजे राहेलीचे दोन. यहूदा स्वतः लेआचा पुत्र. बापाच्या त्या मोजणीत तो धरलेलाच नाही. ज्या पक्षपातामुळे त्याने एका भावास विकले, तोच पक्षपात तो आता कुरकूर न करता, डोळे न चोरता बोलून दाखवितो, आणि म्हणतो की या मुलाच्या ऐवजी मला गुलाम ठेवून घ्या. मुलाशिवाय मी बापाकडे कोणत्या तोंडाने जाऊ? हे ऐकल्यावर योसेफास भावना आवरल्या नाहीत. त्याने सर्व चाकरांस बाहेर घालविले आणि आपली ओळख दिली.

बहुतेक लोक कथा येथे संपवितात. परंतु पन्नासाव्या अध्यायात आणखी थोडी शिल्लक आहे. भावांनी बापास योसेफ जिवंत असल्याचे कळविले. झग्यावरील रक्त कशाचे होते हे त्यांनी त्यास कधी सांगितले की नाही, याविषयी शास्त्र मौन धरते. याकोब सतरा वर्षे मिसरात राहून मरण पावला. त्यास पुरून आल्यावर भावांस भय वाटू लागले की आता योसेफ सूड घेईल. मग त्यांनी त्यास निरोप पाठविला, की मरणापूर्वी बापाने अशी आज्ञा केली आहे की तू आपल्या भावांस क्षमा करावी. अशी आज्ञा बापाने केल्याचा उल्लेख आधीच्या अध्यायांत कोठेही नाही, आणि बापास ते सांगावयाचे असते तर योसेफ मृत्युशय्येपाशी हजर होताच. म्हाताऱ्याचे नाव पुढे करून काम साधण्याची घरची जुनी सवय शेवटपर्यंत सुटली नव्हती. योसेफाने तर केव्हाच क्षमा केली होती. सतरा वर्षे तो त्यांस अन्न देत होता, आणि त्यांनी त्यावर एकही दिवस विश्वास ठेवला नव्हता. हा निरोप ऐकून योसेफ रडला.